काच उत्तम, कानांची मात्र आबाळ: टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये १४ महिने

मागच्या आठवड्यात आमची क्रेन उतरवली. जिबचे, म्हणजे क्रेनच्या लांब आडव्या हाताचे, तुकडे सुटे होऊन ट्रेलरवर चढत होते आणि मी दोरीच्या बाहेर उभी राहून बघत होते. मग केबिन खाली आली आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकली. मी कामावर आले तेव्हा क्रेन उभीच होती, त्यामुळे तिला जमिनीवर मी पहिल्यांदाच पाहत होते. वर असताना ती मला पुरेशी वाटायची. खाली, दोन ट्रेलरच्या मध्ये, ती कपड्यांच्या मोठ्या कपाटाएवढी दिसली. त्या कपाटात मी १४ महिने काढले, रोज आठ ते दहा तास.

म्हणून तिच्याबद्दल नीट लिहायचं ठरवलं. क्रेनच्या माहितीपत्रकात टोकाला किती टन उचलते, मोटर किती किलोवॅटची, दोर किती मीटर, हे सगळं बारकाईनं असतं. केबिनच्या वाट्याला ‘प्रशस्त आणि आरामदायी’ एवढे शब्द येतात. क्रेन भाड्यानं घेणारा माणूस त्या खुर्चीत कधी बसत नाही आणि जी बसते तिला कुणी विचारत नाही. मी ११ वर्षं टॉवर क्रेन चालवते आणि ही माझी चौथी केबिन. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ज्या खोडी सांगणार आहे त्या आधीच्या तिन्ही केबिनमध्ये कमीजास्त होत्याच. एकीलाच धारेवर धरणं बरोबर नाही.

क्रेन फ्लॅट-टॉप, म्हणजे डोक्यावर टोकदार शेंडा नसलेली. जिब ६० मीटर. दोन फॉलवर, म्हणजे हुक दोराच्या दोन पदरांवर असताना, ५ टन आणि चार फॉलवर १० टन, पण हे १० टन मास्टपासून, म्हणजे उभ्या मनोऱ्यापासून, १५ मीटरच्या आतच. टोकाला फक्त २. नवीन इंजिनिअर दर वेळी विचारतात, ‘दहा टनांची क्रेन आहे ना, मग तीन टन टोकाला का नाही जात?’ टॉवर क्रेनला नुसतं वजन कळत नाही, तिला वजन गुणिले अंतर कळतं. काम संपलं तेव्हा हुकाची उंची ९६ मीटर होती. केबिन जिबच्या बुडाशी, उजव्या हाताला. जिब फिरली की तीही फिरते.

चढण्याबद्दल थोडक्यात सांगते. ३० सेंटीमीटरवर एक दांडा धरला तर ९६ मीटरला ३२० दांडे होतात. दर थोड्या अंतरावर टेकायला फळी आहे आणि शिडी प्रत्येक फळीला बाजू बदलते, त्यामुळे पाय सटकला तरी माणूस फार खाली जात नाही. मला वर जायला १७ मिनिटं लागायची. पहिल्या महिन्यात मी घाई करायची आणि वर पोहोचल्यावर हात थरथरायचे. थरथरत्या हातांनी पहिला लोड घ्यायचा नाही हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते मी स्वतः ठरवलं. वर पोहोचले की पाच मिनिटं नुसतं बसायचं, ब्रेक तपासायचे, मर्यादेपाशी क्रेन थांबवणारे लिमिट स्विच तपासायचे, मगच रेडिओ चालू.

आता खुर्ची. खुर्ची मजबूत आहे, पाठीला आधार चांगला आहे, कापड निघतं आणि धुता येतं. पण ती बनवताना ज्याच्या मापानं बनवली तो माणूस माझ्यापेक्षा वीतभर तरी उंच असणार. माझी उंची १५२ सेंटीमीटर. खुर्ची अगदी खालच्या खाचेत आणली तरी माझ्या टाचा जमिनीपासून तीन बोटं वर राहायच्या. सीटची पुढची कड मांडीखाली रुतायची आणि दोन तासांत पाय बधिर. पुढे सरकून बसावं तर पाठ सुटते. खाली बघायला वाकावं तर कोपरं खुर्चीच्या हातांवरून सुटतात, आणि कोपर सुटलं की जॉयस्टिकवरचा हात अधांतरी येतो. खाली शंभर मीटरवर कुणीतरी शटरिंगची, म्हणजे काँक्रीटच्या साच्याची, प्लेट दोन्ही हातांनी धरून उभं असताना अधांतरी हात नको.

शेवटी साइटवरच्या सुतारकाकांना सांगितलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. मला एका खोक्यावर बसवलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत टेप लावला आणि दुसऱ्या दिवशी पाय ठेवायला एक फळी आणून दिली. सलग फळी नव्हती. तीन पट्ट्या, मध्ये दोन दोन बोटांच्या फटी, खाली रबराचे तुकडे. मी म्हटलं, काका, सलग का नाही केली? ते म्हणाले, ‘पायाखाली काच आहे ना तुझ्या. झाकून कसं चालेल?’ ते कधीच वर आले नव्हते. खालून केबिनकडे बघून त्यांना हे लक्षात आलं होतं. माहितीपत्रक लिहिणाऱ्यांच्या मात्र ते लक्षात येत नाही. पायांना टेकू, आणि हात ठेवायच्या कन्सोलला मागेपुढे करायची पुरेशी सोय, या दोन गोष्टी खुर्चीबरोबरच यायला हव्यात. कन्सोल सरकतो, पण त्याचा स्क्रू हादऱ्यांनी सैल होतो. मी दर सोमवारी पान्यानं आवळायची.

हादऱ्यांवरून सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, क्रेन खांबासारखी ताठ उभी असते. रिकामी क्रेन जराशी मागे झुकलेली असते, कारण मागे काउंटरवेट, म्हणजे तोल राखणारं वजन, असतं. लोड उचलला की ती पुढे येते, आणि खाली लोड टेकून त्याला बांधलेली स्लिंग सैल झाली की पुन्हा मागे जाते. हे डोळ्यांना कळायच्या आधी कमरेला कळतं. लोड जमिनीवर आला की नाही हे मला पुष्कळदा रेडिओच्या आधी खुर्चीनं सांगितलंय. म्हणून फार मऊ, फार गादीदार खुर्ची मला नकोच. या खुर्चीचं स्प्रिंग कडक आहे, काही जण त्याबद्दल कुरकुरतात, पण मी त्याला पूर्ण गुण देते.

काच या केबिनची सर्वांत चांगली गोष्ट. समोरची काच गुडघ्यांखाली आत वळते आणि थेट पायांपर्यंत येते, मध्ये आडवी पट्टी नाही. आधीच्या केबिनमध्ये नेमकी हुकाच्या वाटेत एक लोखंडी पट्टी होती आणि मी दिवसभर मान डावी-उजवी करून तिच्या मागचं बघायची. इथे ट्रॉली, म्हणजे जिबवरून हुकाला आत-बाहेर नेणारी गाडी, अगदी मास्टजवळ आणली तरी हुक दिसतो. बाजूच्या काचा सरकतात, त्यातून लांब दांड्याच्या पुसण्यानं समोरची काच बाहेरून पुसता येते. अर्थात पट्टा अडकवूनच. वायपर मात्र वरच्या भागातच फिरतो. पावसात नेमकी खालची काच धूसर होते, आणि माझं सगळं काम खालच्या काचेतून. सिमेंटची धूळ बसली आणि वर पाऊस पडला की थर जमतो. तो कोरड्या फडक्यानं घासलात तर काचेवर कायमचे चरे. आधी भरपूर पाणी, मग फडकं.

रात्रपाळीला वेगळीच अडचण. डिस्प्लेचा उजेड कमी करता येतो, पण त्याच्याखालचे छोटे दिवे तसेच जळत राहतात आणि समोरच्या काचेत त्यांचं प्रतिबिंब पडतं. खाली शहरभर दिवे, आणि त्यात माझ्याच पॅनलचा एक हिरवा दिवा मिसळलेला. पहिल्या रात्री मी त्याला सिग्नलमनच्या, म्हणजे खालून मला इशारे देणाऱ्या माणसाच्या, हातातला दिवा समजले. दुसऱ्या रात्रीपासून त्यावर काळी चिकटपट्टी. दिव्याचं काम मला कळत होतं म्हणून पट्टी लावली, पण दर ऑपरेटर नेमका तोच दिवा झाकेल याची खात्री काय?

हातातलं यंत्र मला मनापासून आवडलं. डाव्या जॉयस्टिकवर स्लूइंग, म्हणजे जिब फिरवणं, आणि ट्रॉली, उजव्या जॉयस्टिकवर होइस्ट, म्हणजे हुक वर-खाली करणं. मी शिकले त्या जुन्या क्रेनला एक-दोन-तीन अशा पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीला लोड दचकायचा. आता मोटरला फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह असते, वेग हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो. या क्रेनची ड्राइव्ह इतकी गुळगुळीत आहे की काँक्रीटची भरलेली बकेट स्लॅबवर आणताना खालच्या माणसांना अंग चोरावं लागत नाही.

तरीही झोका चुकत नाही. झोक्याचा वेळ दोराच्या लांबीवर ठरतो, वजनावर नाही. हुक ६० मीटर खाली असेल तर एक पूर्ण येरझार सुमारे साडेपंधरा सेकंदांची. १५ मीटरवर असेल तर पावणेआठ सेकंदांची. हे आकडे मी पाठ केलेले नाहीत, ते अंगात बसतात. नवीन ऑपरेटर लोड झुलायला लागला की ट्रॉली उलट ओढतो आणि झोका दुप्पट करतो. झोक्याच्या मागे जायचं असतं. लोड बाहेरच्या टोकाला पोहोचत आला की ट्रॉली त्याच्या डोक्यावर नेऊन उभी करायची, की तो मुकाट सरळ लटकतो. हे काम हळू, बारीक वेगानं करावं लागतं, आणि या जॉयस्टिकचा पहिला दोन बोटांचा पल्ला त्यासाठी अप्रतिम आहे. जॉयस्टिकच्या मुठीतलं बटण दाबून धरल्याशिवाय काहीच हलत नाही, तेही योग्य ठिकाणी आहे, करंगळीला ताण येत नाही.

डिस्प्ले मोठ्या आकड्यांचा. वजन, अंतर, वारा, आणि त्या अंतरावर किती टक्के भार झालाय ते एका नजरेत दिसतं. ९० टक्क्यांना पिवळा दिवा. मर्यादा ओलांडली की वर उचलणं आणि ट्रॉली बाहेर नेणं बंद होतं, पण खाली ठेवणं आणि आत आणणं चालू राहतं. कितीही घाईचा इंजिनिअर असला तरी या गणितापुढे त्याचं चालत नाही, आणि मला दर वेळी वाद घालावा लागत नाही. शेजारच्या क्रेनशी टक्कर टाळणारी यंत्रणाही याच पडद्यावर होती. ती नीट चालली, एवढं पुरे.

ट्रॉलीवर कॅमेरा बसवलेला होता, थेट खाली बघणारा, झूम होणारा. त्याचा पडदा उजव्या हाताला. हा कॅमेरा वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो म्हणून पुष्कळ जण टाळतात. माझं स्पष्ट मत आहे, घ्या. टॉवर क्रेनच्या ऑपरेटरची मान आधी जाते. दिवसभर मान खाली घालून, शिवाय एका बाजूला वळवून बसायचं म्हणजे काय होतं ते माझ्या डॉक्टरांना माहीत आहे. कॅमेरा आल्यापासून लोड लांब असताना तरी मी समोर बघून काम करू लागले, आणि तीन-चार महिन्यांत उजव्या खांद्यापासून कानामागे चढणारी कळ कमी झाली.

पण कॅमेऱ्याची एक गोष्ट नवीन माणसाला सांगायलाच हवी. वरून सरळ खाली बघणाऱ्या चित्रात उंची नसते. लोड कुठे आहे ते दिसतं, जमिनीपासून किती वर आहे ते दिसत नाही. स्लॅबवर टेकलेली प्लेट आणि स्लॅबच्या मीटरभर वर लटकणारी प्लेट पडद्यावर जवळजवळ सारखीच. सावली असेल तर सावलीवरून कळतं, ढगाळ दिवशी तेही नाही. म्हणून कॅमेरा आला म्हणून सिग्नलमन कमी करणारे जे शहाणे असतात, त्यांना मी हात जोडून सांगते, असं करू नका.

मग उरतो आवाज, आणि मला जे सांगायचंय ते मुख्यतः हेच आहे. इमारत वर चढत जाते तसं ऑपरेटरला दिसणं कमी होत जातं. पलीकडची बाजू, लिफ्टचा खड्डा, दोन भिंतींमधली जागा, हे सगळं झाकलं जातं. त्याला आम्ही आंधळा लोड म्हणतो. तेव्हा सिग्नलमनचा आवाज हाच डोळा. पद्धत अशी की तो सलग बोलत राहतो, ‘खाली, खाली, खाली’, आणि त्याचा आवाज थांबला की मी थांबायचं. ‘बास’ म्हटलं तर थांबायचंच, पण काहीच ऐकू आलं नाही तरी थांबायचं. बॅटरी गेली असेल, बटण सुटलं असेल, तो पडला असेल. ऐकू येत नाही म्हणजे हलायचं नाही.

या केबिनमध्ये रेडिओचा स्पीकर बसवलाय डोक्यामागे, छताच्या कोपऱ्यात. आणि एसीचा ब्लोअर बसवलाय समोर, छातीच्या उंचीवर. काचेच्या पेटीत ऊन चढलं की ब्लोअर तीनवर करावाच लागतो, नाहीतर अर्ध्या तासात डोकं जड होतं. तीनवर त्याचा आवाज माझ्या आणि स्पीकरच्या मध्ये भिंतीसारखा उभा राहतो.

पाचव्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ, ब्लोअर तीनवर. कॉलमच्या सळईचा पिंजरा लिफ्टच्या खड्ड्यात उतरवत होते. मला काहीच दिसत नव्हतं, कॅमेऱ्यात पिंजऱ्याचं वरचं टोक आणि काळोख. सिग्नलमन माझ्या ओळखीचा, कित्येक महिने आम्ही एकत्र काम केलेलं. त्याचा आवाज एका तालात येत होता, ‘खाली, खाली, खाली’, आणि मी सर्वांत कमी वेगात, मिनिटाला ५ मीटर, पिंजरा सोडत होते. मग कधीतरी मला जाणवलं की मी आवाज ऐकत नाहीये. ताल ऐकतेय. ब्लोअरच्या घरघरीत माझ्या कानानं तो ताल स्वतःच पुढे चालू ठेवला होता.

मी मूठ सोडली. दोनेक सेकंदांनी आवाज आला, ‘ताई, बास, बास! माणूस आहे आत.’ हातातून पडलेला पाना उचलायला एक हेल्पर पुन्हा खाली उतरला होता. सिग्नलमननं आधी त्याला ओरडून बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यात रेडिओचं बटण सोडलं होतं. नंतर आम्ही हिशेब केला. त्याचा आवाज थांबल्यापासून मी मूठ सोडेपर्यंत पाच सेकंद गेले असावेत. त्या वेगात पाच सेकंद म्हणजे ४० सेंटीमीटरच्या वर. पिंजऱ्याची सळई त्या पोराच्या हेल्मेटपासून दोन हातांवर थांबली होती.

कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी तो पोरगा मास्टच्या पायाशी उभा होता, मला काहीतरी बोलायचं म्हणून आला होता, पण आम्हा दोघांनाही बोलता आलं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघाले. घरी जाऊन रात्रभर तो ताल कानात होता.

मी लेखी तक्रार दिली. माझी चूक मी त्यात आधी लिहिली, की आवाज थांबल्याबरोबर मी थांबायला हवं होतं. मग स्पीकर आणि ब्लोअरच्या जागा लिहिल्या, चित्र काढून. क्रेन पुरवणाऱ्यांचं उत्तर आलं, केबिन मंजूर नमुन्याप्रमाणे आहे, बदल करता येणार नाही. असेलही. टॉवर क्रेनच्या केबिनसाठी आयएसओ ८५६६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भाग आहे, जॉयस्टिकच्या मांडणीसाठी ७७५२ चा तिसरा भाग आहे, मी नियमांच्या विरुद्ध बोलत नाहीये. मी एवढंच म्हणतेय की ब्लोअर तीनवर लावून, खुर्चीत बसून, रेडिओवर ‘खाली’ आणि ‘बास’ ऐकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. त्या दिवसापासून आंधळा लोड असला की मी ब्लोअर बंद करते. घाम डोळ्यांत येतो. येऊ दे. पण बाजूची काच उघडून जरा हवा घ्यावी तर वारा माइकमध्ये शिरतो आणि सिग्नलमनला माझं ऐकू येत नाही. म्हणजे एका चुकीच्या जागी लावलेल्या पंख्यामुळे ऑपरेटरला गरमी किंवा बहिरेपण यातलं एक निवडावं लागतं. या एका गोष्टीसाठी मी या केबिनचे निम्मे गुण कापते, आणि मला ते जास्त वाटत नाहीत.

वाऱ्याचं मापन चांगलं होतं. ताशी ५० किलोमीटरला पहिला इशारा, ७२ ला दुसरा आणि काम बंद. पण कागदावरची मर्यादा गाठायची वाट बघू नये. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वारा ३६ वरून ७२ झाला की वेग दुप्पट, जोर चौपट. त्यात हुकाला शटरिंगची रुंद प्लेट असेल तर ती शिडासारखी फुगते, म्हणून प्लेट मी पहिल्या इशाऱ्याच्या खूप आधी खाली ठेवते. काम संपताना हुक वर, ट्रॉली मास्टजवळ आणि स्लूइंगचा ब्रेक मोकळा, म्हणजे रात्री जिब वाऱ्याबरोबर फिरत राहते. लोकांना वाटतं क्रेन सुटलीय. बांधून ठेवली तर ती वाऱ्याला आडवी उभी राहील, आणि तेच घातक. ब्रेक खरंच मोकळा झालाय हे सांगणारा दिवा या केबिनमध्ये डाव्या गुडघ्यामागे आहे. दिवसाचं शेवटचं आणि रात्रभराच्या सुरक्षेचं काम, आणि त्याचा दिवा बघायला खाली वाकावं लागतं. तो डोळ्यांसमोर हवा.

उतरवण्याच्या दिवशीही मी सकाळपासून वाऱ्याचे आकडे विचारत होते. २०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत सिॲटल शहरात क्रेन उतरवताना मास्टच्या पिना वेळेआधी काढून ठेवल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला, क्रेन कोसळली आणि चार जण गेले. आमच्या फोरमननं एक एक पिन, तुकडे उतरवणाऱ्या दुसऱ्या क्रेनचा हुक ताणल्यावरच काढली. वेळ लागला, कुणी घाई केली नाही.

शौचालयाबद्दल बायका बोलत नाहीत, पुरुष बाटलीवर भागवतात, म्हणून तो विषयच निघत नाही. मी काढते. केबिनमध्ये काही सोय नाही, पडदा लावायलाही जागा नाही, मागची सगळी भिंत इलेक्ट्रिक पॅनलनं भरलेली. खाली उतरायचं तर जाऊन-येऊन अर्धा तास, आणि अर्धा तास क्रेन उभी म्हणजे खाली सगळं काम उभं. मग आपण पाणी पीत नाही. मी वर्षानुवर्षं सकाळपासून दोन घोट पाण्यावर काम केलं आणि दोनदा मूत्रमार्गाचा संसर्ग झाला. पाळीच्या दिवसांत तर घड्याळाकडे बघत बसायचं. यावर उपाय केबिनमध्ये नाही, कामाच्या पाळ्या लावण्यात आहे. दोन ऑपरेटर ठेवा, दर तीन-चार तासांनी बदला, साठ मीटरच्या वर क्रेन गेली की ऑपरेटरसाठी लिफ्ट लावा. आमच्या साइटवर लिफ्ट नवव्या महिन्यात आली, आणि त्या महिन्यापासून मी पुन्हा बाटलीभर पाणी वर नेऊ लागले. क्रेन भाड्यानं घेताना टनांबरोबर हाही प्रश्न विचारा.

केबिनच राहणार नाही असंही बोललं जातं. जपानमध्ये टाकेनाका आणि काजिमा या बांधकाम कंपन्यांनी २०२० मध्ये ‘तावारेमो’ नावाची यंत्रणा आणली, ऑपरेटर जमिनीवर बसून दुरून टॉवर क्रेन चालवतो. बरोबरीचे ऑपरेटर याला घाबरतात. मला त्यात शिडी नाही, जवळ शौचालय आहे आणि वादळात वर अडकायचं नाही, हे आधी दिसतं. पण लोड टेकल्यावर कमरेला जे कळतं त्याच्या जागी काय येईल, हे मला त्या खुर्चीत एकदा बसून बघायचंय.

पुढच्या साइटवर याच मॉडेलची क्रेन उभी राहते आहे आणि मीच चालवणार आहे. काच, ड्राइव्ह आणि डिस्प्ले यांच्यासाठी मी आनंदानं जाते. जाण्याआधी दोन गोष्टी मागितल्या. ब्रेकचा दिवा वर आणायला नकार मिळाला, पॅनल उघडावं लागेल म्हणाले. स्पीकरचं मात्र मेकॅनिकनं मनावर घेतलंय. त्यानं पत्र्याची एक पट्टी वाकवून समोरच्या खांबाला, माझ्या डाव्या कानाच्या पुढे बसेल अशी कडी बनवली. परवा यार्डात उतरवलेल्या केबिनमध्ये मला बसवलं, ब्लोअर तीनवर लावला आणि स्वतः वॉकीटॉकी घेऊन गेटपर्यंत चालत गेला. ‘ताई, खाली, खाली, खाली’, आणि मग मुद्दाम गप्प झाला. मी मूठ सोडली. त्यानं लांबून हात वर केला. सुतारकाकांची फळी मी स्क्रू काढून पिशवीत घेतली आहे.